ताप गेला, थकवा राहिला : निदान, उपचार आणि ईएसआयची रजा

ताप येऊन गेला, रिपोर्ट नॉर्मल आले, तरी महिनोन्‌महिने अंगात त्राण नाही आणि जो तो 'जरा चालायला लाग की' म्हणतोय, अशा माणसासाठी हे लिहितोय. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या आमच्या पट्ट्यात या दीर्घ थकव्याच्या आजाराबद्दल (एमई-सीएफएस) मराठीतून सांगणारं कुणी मला भेटलं नाही. कुठल्या दाराशी आधी जायचं, पैसे कशावर घालवायचे नाहीत, पगार बंद पडू नये म्हणून ईएसआयचं (कामगारांची राज्य विमा योजना) काय करायचं, हे सगळं चाचपडत शोधावं लागलं. मी डॉक्टर नाही. खाली औषधांची नावं आली आहेत ती माझ्यापुरती आहेत. तुमचं तुमच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

मी बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये सीएनसी लेथवर (संगणकावर चालणारं कातयंत्र) होतो. आठ तास उभं राहायचं काम. वय तेव्हा ३६. व्यसन नाही, रविवारी सकाळी येळ्ळूरच्या राजहंसगडावर चढून यायची सवय. २०२२ च्या जुलैत आमच्या वडगावात घरटी एकाला ताप होता. मला डेंग्यू निघाला. प्लेटलेट ४० हजारांपर्यंत उतरल्या, चार-पाच दिवस सलाईनवर काढले. गणपतीच्या आधी कामावर परत गेलो. ताप नव्हता, भूक लागत होती, सगळ्यांच्या लेखी मी बरा झालो होतो.

डेंग्यूनंतर काही आठवडे अशक्तपणा राहतो हे डॉक्टरांनी सांगितलंच होतं, म्हणून सुरुवातीचे दिवस तसेच ढकलले. दिवाळी आली तरी फरक नाही. उलट एक विचित्र गोष्ट सुरू झाली. सेकंड शिफ्टला जास्त काम पडलं तर त्या रात्री मी ठीक असायचो, दुसऱ्या दिवशी कसंबसं निभायचं, आणि त्यानंतरच्या सकाळी घसा दुखायचा, मानेतल्या गाठी हुळहुळायच्या, अंग तापल्यागत वाटायचं. थर्मामीटर लावला तर ९८. नऊ तास झोपून उठलो तरी झोपलोच नव्हतो असं वाटायचं.

त्याहून जास्त भीती डोक्याची बसली. एकदा बोअर डायल गेजनं, म्हणजे भोकाचा व्यास मोजायच्या काट्यानं, जॉब (तयार केलेला भाग) तपासत होतो. काटा अधिक २० मायक्रॉनवर. बघितलं, गेज खाली ठेवला, रिपोर्टवर लिहायला पेन उचललं आणि आकडा डोक्यातून गेला. परत गेज घातला, परत २०; पेन कागदाला टेकेपर्यंत परत गेला. शेवटी डाव्या हातानं गेज बोअरमध्येच धरून ठेवला आणि काट्याकडं बघत बघत उजव्या हातानं लिहिलं. पंधरा वर्षं ज्यावर घर चाललं ते काम हातातून निसटतंय असं त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. घरी कुणाला सांगितलं नाही.

नोव्हेंबर २०२२ मध्ये टिळकवाडीतल्या एका फिजिशियनकडं गेलो. फी ४०० रुपये. त्यांनी घाई केली नाही, हे मी मुद्दाम लिहितोय. थकवा हे कितीतरी आजारांचं लक्षण असतं आणि त्यातले बरेच आजार बरे होतात, म्हणून आधी ते शोधायचे, असं म्हणाले. रक्त, थायरॉईड, एचबीए-वन-सी (साखरेसाठी), किडनी-लिव्हर, कॅल्शियम, फेरिटिन (लोहासाठी), बी-१२, ड जीवनसत्त्व, सीआरपी (सुजेसाठी), सीपीके (स्नायूंसाठी), एचआयव्ही, लघवी, छातीचा एक्स-रे, ईसीजी. टीबी आपल्याकडं विसरून चालत नाही, त्यामुळं एक्स-रे टाळू नका. घोरतोस का, झोपेत श्वास अडकतो का, हे त्यांनी माझ्या बायकोला विचारलं, कारण ते मला कळणार नाही. सगळं मिळून साडेचार हजारांच्या आसपास खर्च आला. यातल्या बऱ्याच तपासण्या सिव्हिलला नाहीतर ईएसआयमधून होतात. मला ते तेव्हा माहीत नव्हतं, तुम्ही आधी तिकडं विचारा. बी-१२ आणि ड दोन्ही कमी निघाले. इंजेक्शनं घेतली, आठवड्याचं ६० हजार युनिटचं पाकीट घेतलं. फेब्रुवारीत परत तपासलं तेव्हा दोन्ही भरले होते. थकवा तिथंच.

मधल्या काळात, डिसेंबरात, नातेवाइकांच्या सांगण्यावरून दुसऱ्या एका खासगी दवाखान्यात दाखवलं. तिथं पाच मिनिटांत 'मनाचा थकवा' असं ठरलं. गोळी दिली आणि रोज चालायला सांगितलं. दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवायची, दुखलं तरी थांबायचं नाही. मनाचा आजार हा खरा आजार आहे आणि त्यावर औषध घेण्यात काही कमीपणा नाही, हे आधी सांगतो. पण माझं म्हणणं वेगळं होतं. मला सगळं करावंसं वाटत होतं, गडावर जावंसं वाटत होतं, शरीर उठत नव्हतं. तरी सांगितलं तसं केलं. पहाटे वॅक्सिन डेपोच्या मैदानावर जायचो. दहा मिनिटं, पंधरा, वीस. जानेवारी २०२३ संपता संपता एका सकाळी मी मोरीत अंघोळ करताना खाली बसलो आणि उठलोच नाही. बायकोनं आणि शेजारच्या काकांनी धरून आणलं. पुढचे दोनेक आठवडे अंथरुणात गेले. पडद्यातून येणारा उजेडसुद्धा सहन होत नव्हता. कुकरची शिट्टी झाली की छातीत धडधडायचं.

इन्सर्टची (लेथवरच्या कापायच्या पात्याची) धार गेल्यावर कुणी शहाणा ऑपरेटर फीड (पातं पुढं सरकायचा वेग) वाढवत नाही. वाढवला तर इन्सर्ट जातं आणि जॉबही जातो. माझ्या शरीराबरोबर तेच झालं होतं.

आई रोज उशाशी बसायची. "काय होऊलालंय रे तुला," म्हणून विचारायची आणि उत्तराची वाट न बघता कपाळावर हात फिरवायची. तिनं सौंदत्तीच्या यल्लम्माला बोलून ठेवलं होतं. "तू पडून ऱ्हा, मी जाऊन येतो," म्हणाली आणि एकटी बसनं जाऊन आली. मला न्यायचा हट्ट तिनं धरला नाही याचे मी आजही उपकार मानतो. नवस बोलणाऱ्यांना माझं इतकंच सांगणं की आजाऱ्याला गर्दीत नेऊ नका, त्याच्या नावानं तुम्ही जाऊन या.

निदानाचा धागा सापडला तो बायकोला. ती कालनिर्णयवर दुधाचा आणि इस्त्रीचा हिशेब मांडते. मी ज्या दिवशी पडायचो त्या चौकटीत तिनं डिसेंबरपासून फुली मारून ठेवली होती. फेब्रुवारीत एका दुपारी कॅलेंडर काढून माझ्या मांडीवर ठेवलं. "अहो, ज्या दिवशी तुम्ही पडताय त्या दिवशी तुम्ही काहीच केलेलं नसतंय. आदल्या दिवशी नाहीतर परवा केलेलं असतंय. हे बघा, लग्न इथं, फुली इथं. स्टॉकचं काम इथं, फुल्या तीन." मग दोघांनी मिळून मागचे महिने चाळले. बहुतेक फुल्यांच्या मागं काही ना काही श्रम सापडले. कधी अंगमेहनत, कधी नुसतं पाहुण्यांशी तासभर बोलणं, एकदा तर मुलीचा गणिताचा अभ्यास.

ते कॅलेंडर घेऊन आधी मिरजेला गेलो, कारण मेंदू-स्नायूचा काही आजार नाही ना हे बघायला फिजिशियननी न्यूरॉलॉजिस्टकडं चिठ्ठी दिली होती. बेळगावहून मिरज रेल्वेनंच करा. बसमध्ये मान टाकून बसावं लागतं, रेल्वेत जागा मिळाली तर आडवं होता येतं. जाऊन-येऊन एका दिवसात करू नका. आम्ही नातेवाइकांकडं मुक्काम केला तरी परत आल्यावर आठवडाभर पडून होतो. तिथं तपासणी झाली, नसांची चाचणी झाली, काही निघालं नाही. साडेतीन हजार गेले, पण एक शंका मिटली.

मार्च २०२३ मध्ये टिळकवाडीच्या त्याच फिजिशियनसमोर फाईल आणि कॅलेंडर ठेवलं. त्यांनी फाईल बाजूला सारली आणि कॅलेंडर बघत बसले. मग म्हणाले, "याला मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस किंवा क्रॉनिक फटिग सिंड्रोम म्हणतात. एमई-सीएफएस." श्रमानंतर काही तासांनी किंवा एक-दोन दिवसांनी येणारी ही कोसळ, पोस्ट-एक्झर्शनल मलेज, हीच त्याची मुख्य खूण. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिननं २०१५ मध्ये निकष ठरवले ते त्यांनी कागदावर लिहून दिले: सहा महिन्यांहून जास्त काळ पूर्वीची कामं न झेपण्याइतका थकवा, श्रमानंतरची कोसळ, झोपून ताजं न वाटणं, आणि याबरोबर डोकं न चालणं किंवा उभं राहिल्यावर त्रास होणं यातलं किमान एक. माझ्यात सगळंच होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत हा १९६९ पासून मेंदू-मज्जासंस्थेच्या रोगांत आहे. त्यांनी केसपेपरवर जी ९३.३ हा कोड टाकला. तो कोड नंतर रजेच्या कागदांत फार उपयोगी पडला.

तापानंतर असं होणं नवं नाही. ऑस्ट्रेलियात डब्बो गावाच्या परिसरात तीन वेगवेगळ्या संसर्गांच्या रोग्यांवर वर्षभर लक्ष ठेवलं होतं. २००६ साली ते छापून आलं. सहा महिन्यांनी साधारण दर नऊ-दहा जणांत एकाचा थकवा या आजाराच्या निकषांत बसत होता, आणि ते आधीच्या मानसिक त्रासावर नाही, तर सुरुवातीचा आजार किती तीव्र होता यावर अवलंबून होतं. हे ऐकल्यावर बायको दवाखान्यातच रडली. मला हलकं वाटलं. मग विचारलं, औषध काय? तर हा आजार मुळापासून बरा करणारं मान्यताप्राप्त औषध नाही. २००५ मधल्या एका आढाव्यात, उपचार न घेतलेल्या प्रौढ रोग्यांत पूर्ण बरे होणारे मध्यमानानं ५ टक्के आणि सुधारणा होणारे ४० टक्क्यांच्या आसपास होते. डॉक्टरांनी हे लपवलं नाही. त्या संध्याकाळी मी जेवलो नाही, पण नंतर वाटलं, ज्यानं हे तोंडावर सांगितलं त्याच्यावर विश्वास ठेवता येईल.

चालण्याबद्दल विचारलं. पूर्वी जगभर हाच सल्ला देत असत, ठरल्याप्रमाणे व्यायाम वाढवत न्यायचा. २०११ साली इंग्लंडमधल्या पेस नावाच्या मोठ्या अभ्यासानं त्याला बळ दिलं. पुढं त्या अभ्यासावर बरीच टीका झाली, आणि तिथल्याच, उपचारांच्या मार्गदर्शिका काढणाऱ्या नाइस या संस्थेनं ऑक्टोबर २०२१ च्या मार्गदर्शिकेत असा वाढत्या व्यायामाचा कार्यक्रम या रोग्यांना देऊ नये असं स्पष्ट लिहिलं. समुपदेशन आजारासोबत जगायला मदत म्हणून चालेल, आजार बरा करायला म्हणून नाही, हेही त्यात आहे. माझ्या भाचीनं, ती नर्सिंग शिकते, त्या पानांच्या प्रिंट काढून दिल्या. त्या मी अजून फाईलमध्ये ठेवल्यात. कुणी 'चाल की जरा' म्हणालं की वाद घालत नाही, प्रिंट देतो.

आता उपचार. सगळ्यात जास्त फरक ज्यानं पडला त्याला पैसे लागले नाहीत: आपली मर्यादा ओळखून तिच्या आत राहणं. कोविडच्या वेळचा बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घरात होता, तो नाडी दाखवतो. २२० वजा वय, त्याचे ६० टक्के, म्हणजे माझ्यासाठी ११०. हे काही पक्कं शास्त्र नाही, अंदाजाची रेघ आहे. नाडी तिच्यावर गेली की बसायचं किंवा आडवं व्हायचं. पहिले दिवस धक्का बसला. नुसते दात घासताना ११५. मग मोरीत स्टूल ठेवलं, दाढी बसून, अंघोळ एक दिवसाआड आणि संध्याकाळी, म्हणजे नंतर झोपता येतं. जिना दिवसातून एकदाच. सकाळी तासभर जागं राहिलो की वीस मिनिटं डोळे मिटून, फोन न बघता पडून. सगळ्यात अवघड काय होतं सांगू? बऱ्या दिवशी थांबणं. अंगात जरा जोर आला की मागची राहिलेली दहा कामं दिसतात, आणि फुली तिथूनच सुरू होते.

उभं राहिल्यावरच्या त्रासाची चाचणी डॉक्टरांनी दवाखान्यातच केली. दहा मिनिटं झोपवलं, मग भिंतीपासून पाऊलभर पुढं टाचा ठेवून पाठ भिंतीला टेकवून दहा मिनिटं उभं केलं आणि दर मिनिटाला नाडी आणि बीपी लिहिलं. झोपून ७२, उभा राहून दहाव्या मिनिटाला ११२, बीपी जवळजवळ तेवढंच. नाडी ३० किंवा जास्त वाढली आणि बीपी पडलं नाही तर त्याला पॉट्स म्हणतात. लेथपुढं आठ तास उभं राहणं का झेपत नव्हतं ते एका कागदावर आलं. ही चाचणी घरी केलीत तर सोबत माणूस हवाच, चक्कर येऊन पडायला होतं. पॉट्सवर मात्र उपाय आहेत. पाणी दिवसाला अडीच लिटर, मीठ जास्त (बीपी किंवा किडनीचा त्रास असणाऱ्यांनी हे अजिबात करू नये), मांडीपर्यंतचे दाबमोजे, २,४०० रुपयांना मिळाले, आणि प्रोप्रॅनोलॉलचा छोटा डोस. दम्याच्या रोग्याला ती गोळी चालत नाही, म्हणून आधी सांगा. झोपेसाठी आणि अंगदुखीसाठी ॲमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅम. औषधांचा महिन्याचा खर्च ४०० च्या आत. महिन्याभरात पंधरा मिनिटं उभं राहता येऊ लागलं.

आयुर्वेदाकडं मी एप्रिल-मेमध्ये गेलो. घर वडगावात, आणि शहापुरात केएलईचं कंकणवाडी आयुर्वेद महाविद्यालय रिक्षानं दहा मिनिटांवर, त्यामुळं जाणं झेपणारं होतं. माझी अपेक्षा होती की पंचकर्म करून 'शरीर साफ' करतील. वैद्य बाईंनी नाडी बघितली, सगळे ॲलोपॅथीचे कागद वाचले आणि म्हणाल्या, दुर्बळ रोग्याला वमन-विरेचन (उलटी-जुलाबाचे उपचार) देत नाहीत, आधी बळ राखायचं. सौम्य अभ्यंग आणि शिरोधारा, पचनासाठी साधं औषध, मुगाचं कढण, वेळेवर जेवण. मी काय-काय गोळ्या घेतो ते त्यांनी लिहून घेतलं आणि अश्वगंधा थायरॉईडचा रिपोर्ट बघूनच दिली. झोप सुधारली, अंगदुखी उतरली. शिरोधारेच्या दिवशी मात्र जाणं-येणं धरून थकवा यायचा, तेव्हा आठवड्यातून एकच ठरवलं. मूळ आजार त्यानं गेला नाही आणि जाईल असं त्या म्हणाल्याही नव्हत्या. महिन्याला दीड हजार खर्च होता. चार-पाच महिन्यांनी अभ्यंग घरीच करायला लागलो, तिळाचं तेल, बायको किंवा आई पाठीला लावते.

बाकीचं थोडक्यात. होमिओपॅथी तीन महिने घेतली, माझ्यात फरक पडला नाही. ओळखीतून आलेली 'शक्तीची पावडर' डब्याला २,८०० होती, ती परत केली. निपाणीकडच्या एका माणसानं भस्म घातलेल्या पुड्या दिल्या, कागदावर ना नाव ना बॅच. त्या मी घेतल्या नाहीत. अमेरिकेत २००८ साली इंटरनेटवर विकली जाणारी १९३ आयुर्वेदिक औषधं तपासली होती, त्यातल्या साधारण पाचव्या हिश्श्यात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. शिक्षित वैद्याच्या चिठ्ठीशिवाय आणि छापील लेबलाशिवाय काही पोटात घालू नका, आणि गुळवेलीचा काढा रोज घेत असाल तर लिव्हरचा रिपोर्ट करून घ्या. त्यानं लिव्हरला इजा झाल्याचे रुग्ण आपल्या देशातल्या डॉक्टरांनी नोंदवले आहेत. योगाचं म्हणाल तर सूर्यनमस्कारांनी मी पडलो, आणि योगनिद्रेनं व पडल्या-पडल्या श्वासाकडं लक्ष देण्यानं सावरलो. जपानमध्ये २०१४ साली ३० रोग्यांवर बसून करायच्या सौम्य योगाचा लहानसा अभ्यास झाला, त्यात थकवा उतरला होता. कुठलाही उपचार असो, त्या दिवशी बरं वाटलं का हे मी आता विचारत नाही. तिसऱ्या दिवशीची चौकट बघतो.

आता पगाराचं, कारण याविषयी कुणीच सांगत नाही. माझा पगार २१ हजारांच्या आत, त्यामुळं ईएसआय कापली जायची, कामगाराचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५. फेब्रुवारीत अंथरुणात असताना कंपनीतल्या टाइम ऑफिसच्या माणसानं फोन करून सांगितलं, बिनपगारी रजा लावू नकोस, आजारपणाचा लाभ घे. तेव्हाचा नियम असा: सरासरी रोजच्या पगाराच्या ७० टक्के, वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस, आणि पहिले दोन दिवस मिळत नाहीत. सर्टिफिकेट ईएसआयच्या डॉक्टरचंच लागतं, बाहेरच्या डॉक्टरचं पत्र फक्त आधाराला. आधी आठवड्याआठवड्याला जावं लागतं, आजार लांबला की चार आठवड्यांपर्यंतचं मिळू शकतं. शेवटी फायनल सर्टिफिकेट घेतल्याशिवाय कामावर हजर होता येत नाही.

ईएसआय दवाखान्यात रांग असते आणि रांगेत उभं राहणं हाच माझा आजार, म्हणून खडेबाजारातून ३५० रुपयांचं घडीचं स्टूल घेतलं आणि ते घेऊनच जायचो. कुणी हसलं नाही. तिथल्या डॉक्टरांनी पहिल्यांदा कन्नडमध्ये विचारलं, "एष्टु दिन आत्री?" (किती दिवस झाले?) मी म्हटलं, "आर तिंगळ आत्री." (सहा महिने झाले.) त्यांनी चष्मा काढून माझ्याकडं बघितलं आणि खुर्ची पुढं केली. फॉर्म कन्नड-इंग्रजीत होते. कन्नड बोलायला येतं, लिहायला तितकं नाही, तर शेजारी बसलेल्या हुक्केरीच्या एका बाबांनी भरून दिला. रजा लांबली तेव्हा मेडिकल रेफरीपुढं (रजा योग्य आहे का हे तपासणारे ईएसआयचे डॉक्टर) जावं लागलं. तिथं तीन कागदांनी काम केलं: कोड लिहिलेला केसपेपर, भिंतीला टेकून केलेल्या चाचणीचे आकडे आणि त्या कॅलेंडरच्या झेरॉक्स. पैसे बँकेत यायला महिना-दीड महिना लागला, तेवढे दिवस बायकोच्या शिलाईवर घर चाललं. दीर्घ आजारांसाठी ८० टक्क्यांचा वाढीव लाभ आहे, पण तो ३४ ठरावीक आजारांनाच, त्यात आपलं नाव नाही.

आणखी एक बाब, जी चुकली तर पुढच्या वर्षी महागात पडते. एप्रिल ते सप्टेंबर या काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल तरच पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये आजारपणाचा लाभ मिळतो. ऑक्टोबर ते मार्चच्या दिवसांवर जुलै ते डिसेंबर. म्हणून मी आणि टाइम ऑफिसच्या त्या मित्रानं दिवस मोजून जूनच्या मध्यावर हजर व्हायचं ठरवलं. लाभ चालू असताना मालक कामावरून काढू शकत नाही, हे ईएसआय कायद्याच्या ७३ व्या कलमात होतं. मला ते दाखवायची वेळ आली नाही, पण माहीत असल्यानं झोप लागायची.

कामावर परतण्याआधी मालकांना भेटलो. डॉक्टरांचं अर्ध्या पानाचं पत्र नेलं. त्यात आजाराचं वर्णन नव्हतं, काय जमतं एवढंच होतं: बसून काम, एकच शिफ्ट, दोन तासांनी पंधरा मिनिटं आडवं व्हायला जागा, वजन उचलणं नाही. सहा महिन्यांनी परत बघू, असंही. मालक म्हणाले, गेज रूममध्ये (मोजमापाच्या खोलीत) माणूस हवाच आहे. मला ओव्हरटाइम आणि शिफ्ट अलाउन्स सोडावे लागले, महिन्याला तीनेक हजार कमी झाले. ते घरात बसून आधीच ठरवलं होतं, त्यामुळं मान खाली घालून बाहेर पडावं लागलं नाही.

हे लिहितोय तेव्हा, २०२५ मध्ये, गेज रूममध्येच आहे. मुलीला शाळेत सोडतो, दिवसाचं काम होतं, रविवार पूर्ण विश्रांतीचा. पूर्वीच्या निम्म्याहून थोडं जास्त जमतं. गडावर जात नाही. आकडे आता गेज खाली ठेवूनही डोक्यात राहतात, बहुतेक दिवशी. सर्दी-ताप आला की दोन आठवडे मागं जातो, हे धरून चालतो.

एका पाहुण्यांनी मध्यंतरी ८६५ सीमागावांसाठीच्या महाराष्ट्र सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेतून काही मिळेल का विचारलं. ती योजना मुख्यतः दाखल होऊन करायच्या ठरावीक उपचारांसाठी आहे. आपला खर्च ओपीडी, तपासण्या आणि गोळ्यांचा, तो त्यात बसत नाही. कर्नाटकच्या आयुष्मानचंही तसंच. तेव्हा ज्यांची ईएसआय नाही त्यांनी आधी सिव्हिलमधून रक्ताच्या तपासण्या करून घ्याव्यात, आणि पहिल्या दिवसापासून, निदान व्हायच्या आधीच, घरातल्या कॅलेंडरवर दोन गोष्टी लिहायला लागावं: आज काय केलं, आणि आज कसं होतं. डॉक्टरकडं जाताना तीन महिन्यांची पानं न्या, बोलायला सोबत घरचं माणूस न्या, कारण तिथं पोचेपर्यंतच आपलं डोकं थकलेलं असतं.